भिकूतात्यांचा पहिला घास

आमच्या शेजारचे भिकूतात्या आमटीची चव बघताना जगाकडे पाठ करत. चमचा तोंडात गेला की डावा हात जबड्याखाली जाई, एक डोळा मिटे आणि तात्या खांबासारखे उभे राहत. दोन-चार घोट पोटात गेले की वळून सांगत, "पहिला घास खोटारडा. दुसऱ्याला विचारलं, तो म्हणतो झक्कास हाय!"

तात्या मूळचे कुडपणचे. महाड-पोलादपूरकडच्या लग्नांत जेवण त्यांच्याच हातचं. मी शाळेत शिकवते, म्हणून मला "बाई" म्हणत आणि माझ्या फोडणीला नावं ठेवत.

नात्यातल्या एका लग्नात ते पाठ फिरवायला विसरले. नवरीच्या बापाने त्यांचं वाकडं तोंड पाहिलं आणि आमटी तिखटजाळ झाली असं समजून पातेल्यात दोन कळश्या पाणी ओतलं. तात्या डाव घेऊन मागे धावले. "आमटीला न्हायला घालता काय वो?"

त्यांच्या चुलीजवळ लिंबाचं नाव काढायला बंदी होती. कैरी, चिंच, कोकम, सगळ्यांना मिळून "ती वस्तू". कोणी चुकून "चिंच" म्हणालं तरी तात्या गाल धरत. लोक हसायचे. मीही हसले आहे. त्या गालापायी तात्यांनी लवंगा चघळल्या, दोन धडधाकट दात उपटून घेतले. दात गेले, कळ राहिली.

मग गेल्या वैशाखात पोलादपूरच्या एका लग्नात ते माझ्या शेजारी पंगतीला बसले. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ वर आली.

"तात्या, हे काय?"

"जाते ती. जेवलं की तासाभरात जाते."

"डॉक्टरला दाखवलंत?"

तात्यांनी पानातला भात चिवडला. "चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली, बाई. भाऊ माझा तोंडाच्या कॅन्सरनंच गेला. आता नाव कळून काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा काढली आणि त्यांना रिक्षात घातलं. महाडच्या डॉक्टरांनी जिभेखाली बोट घालून चाचपलं, फोटो काढायला लावला, मग नर्सला म्हणाले, "लिंबाची फोड आणा." तात्या खुर्चीतून उठून दारापर्यंत पोचले होते. मी हात धरून मागे आणलं. फोड जिभेला लागली आणि गाठ पुन्हा वर आली.

"लाळेच्या नळीत खडा अडकलाय," फोटो बघून डॉक्टर म्हणाले. "जेवायला बसलात की लाळ सुटते, खड्यापाशी तुंबते, म्हणून कळ येते. काढून टाकू."

"आणि ते... दुसरं?"

"कॅन्सर नाही, आजोबा."

तात्यांनी तेच तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा "नाही" ऐकल्यावर खुर्चीला टेकले आणि एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

चार दिवसांनी जागा बधिर करून खडा काढला. तुरीच्या डाळीएवढा. तात्यांनी तो कापसावर घेऊन निरखला. "जन्मभर लोकांच्या तांदळातले खडे निवडले, आणि हा माझ्याच तोंडात बसला होता!"

जखम भरल्यावर मी त्यांना वरणभात नेऊन दिला. ते माझ्याकडे तोंड करून बसले. घास घेतला. हात सवयीने जबड्याकडे गेला, तिथेच थांबला. काहीच झालं नाही. त्यांनी सावकाश सगळं पान संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "बाई, डोंबिवलीला फोन लावून देता काय?"

डोंबिवलीला त्यांचा मुलगा आणि सून. तीन वर्षांत तात्या तिकडे गेले नव्हते, ते मला आत्ता कळलं. सुनेने पहिल्यांदा रांधून वाढलं तेव्हा तात्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. ती आत जाऊन रडली. दुसऱ्या सकाळी तात्या परत आले.

"मग तिला सांगायचं नाही का?"

"नव्या नवरीला काय सांगू? सासऱ्याला कॅन्सर असंल म्हणून? त्यापरीस खडूस सासरा बरा."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तात्यांनी घसा साफ केला. "सुरेखा, तुझ्या भाजीत काय वाईट नव्हतं गो. माझ्या तोंडात खडा होता. काढला आता."

पलीकडून सुरेखा हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी भाजीत मीठच घातलं नव्हतं. नंतर चाखल्यावर कळलं. मला वाटलं, तुम्ही म्हणूनच निघून गेलात."

"मीठ नव्हतं?" तात्या फोनवर वाकले. "अगो, मला कळलंच नाय!"

आधी ती हसली, मग तात्या हसले, आणि हसता हसता त्यांनी पंच्याने डोळे पुसले. खूप वेळ दोघं बोलत होते. मी ताट उचलून आत गेले.

परत आले तेव्हा फोन बंद होता आणि तात्या खुंटीवरची पिशवी झटकत होते.

"बाई, वीर ठेसनावरनं डोंबिवलीकडं शनिवारची गाडी किती वाजता असते वो?"