तिसरे कोटेशन

मनुष्याची प्रगती त्याच्यावर आलेल्या संकटांवरून मोजली जात नाही. न आलेल्या संकटांसाठी त्याने केलेल्या तयारीवरून मोजली जाते. या कसोटीवर फरीज बिन ओमरान या वस्तीतील एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा मयूर हा कतारच्या दोहा शहरातील सर्वांत प्रगत मनुष्य ठरतो.

मयूर एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात होता. तेथे तीन कोटेशने आल्याशिवाय झाडूसुद्धा घेतला जात नसे. ही शिस्त त्याच्या अंगात इतकी मुरली होती की, कोथिंबीरही तो दोन दुकाने पाहून तिसऱ्यात घ्यायला जाई. (तोवर ती संपलेली असे.)

सध्या त्याला हवा होता रडार डिटेक्टर. म्हणजे वेग मोजणारे रडार जवळ आले की गाडीत बीप करून सावध करणारे यंत्र. हेतू उदात्त होता. दुखानच्या तेल वसाहतीत थोरल्या भावाकडे राहून तिथल्या शाळेत शिकवणारी भैरवी त्याला दर शुक्रवारी नाश्त्याला बोलावी. मयूरला तिला एक गोष्ट विचारायची होती. विचारायला धीर लागतो, धीर एकवटायला अर्धा तास लागतो, आणि तो पोचे तेव्हा पोहे संपून भैरवी शिकवणीला निघालेली असे. असे चौदा शुक्रवार गेले. वेळेवर पोचायचे तर वेग हवा. वेग आला की दंडाचा धोका आला. धोका आला की यंत्र आलेच. या तर्कात कोणालाही खोट काढता येणार नाही.

आकडेवारी अशी: कतारमधील वास्तव्य, चार वर्षे. वेगासाठी झालेले दंड, शून्य. दुखान रस्त्यावरील मर्यादा, ताशी एकशेवीस. मयूरचा सर्वसाधारण वेग, पासष्ट. आजवरचा उच्चांक, एक्याऐंशी (पूल उतरताना, अनवधानाने).

त्याने तक्ता मांडला. अकरा यंत्रे, चौतीस निकष. बीप कठोर की मायाळू. बीप ऐकून चालक दचकतो की सावरतो. वाळवंटाच्या शांततेला तो बीप शोभेल काय. असे यंत्र बाळगणे कायद्यात बसते काय, हा चौतिसावा निकष होता आणि त्यापुढे ‘नंतर पाहू’ असा शेरा होता. निवड होईपर्यंत पासष्टच्या वर जायचे नाही आणि रडार दिसताच चाळीसवर यायचे, असे मयूरने स्वतःला लेखी कळवले.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, कंपनीची बस चालवणाऱ्या सुदामने तक्ता वाचला. तो बीडचा. म्हणाला, “सायेब, तुमचा येग मोजायला रडार कशाला लागतंय? कॅलेंडर बास हाय.”

(सूचनेची नोंद घेण्यात आली.)

दोन कोटेशने आली. तिसरे, गाडीच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या युसुफने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहून दिले: ‘एक सौ बीस के नीचे चलाओ. फ्री.’ ते सर्वांत स्वस्त होते. तरीही तांत्रिक छाननीत बाद झाले, कारण त्यात बीप नव्हता.

बुधवारी भैरवीचा मेसेज आला. शाळेचा करार संपला होता. शुक्रवारी तीनचे विमान. ‘साडेदहाला घरून निघेन. त्याआधी ये. काहीतरी विचारायचं होतं ना तुला?’

शुक्रवारी मयूर नऊला निघाला. माणूस मनातली गोष्ट घेऊन गाडी चालवतो तेव्हा ती गोष्ट शेजारच्या सीटवर बसून समोर बघत असते. मयूरने तिला पट्टा बांधला नव्हता, इतकेच. वाटेत एका विक्रेत्याचे सुधारित कोटेशन आले. नियमानुसार ते चोवीस तासांत नोंदवावे लागते. पेट्रोल पंपावर थांबून त्याने ते नोंदवले. पाऊण तास लागला.

दुखान अजून वीस किलोमीटर असताना फोन वाजला. मयूरने गाडी कडेला घेतली.

“मयूर, आत्ता समोरून गेलास तो तूच ना?”

“तू कसं ओळखलंस?”

“मागे पाण्याचे तीन टँकर हॉर्न देत होते.”

“मी येतच होतो गं.”

“हो, दादा म्हणालाच. इन्शाल्ला पुढच्या शुक्रवारपर्यंत पोचेल म्हणाला.” ती हसली. मग हसू थांबले. “एअरपोर्टला येतोस?”

“रस्त्यात पाच रडार आहेत.”

“मर्यादा किती?”

“एकशेवीस.”

“मग एकशेएकोणीसने ये. यल्ला, चल लवकर!”

मयूरने गाडी वळवली आणि आयुष्यात प्रथमच काटा शंभरापलीकडे नेला. दोन्ही बाजूंची पिवळी, अबोल जमीन मागे वाहू लागली. पाच रडार आले आणि गेले. एकानेही त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. चार वर्षे ज्यांना भ्यायलो त्यांना आपण ठाऊकही नाही, हे कळून त्याला थोडे अपमानास्पद वाटले.

विमानतळाच्या दारात भैरवीचा भाऊ ट्रॉली शोधायला गेला. (समोर चाळीस ट्रॉल्या होत्या.)

“बोल,” भैरवी म्हणाली.

मयूर म्हणाला, “माझ्याकडे एकच नाव आहे. दुसरं कोटेशन मी मागवलेलंच नाही.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. “तुमच्याकडे एकाच नावावर मंजुरी देतात?”

“कारण लिहून द्यावं लागतं.”

“मग लिही. मी नाशिकला पोचायच्या आत हवंय. आणि मयूर, तक्ता नको.”

विमान वेळेवर गेले. कारणाचे पत्र त्याच्याही आधी गेले. पार्किंगमध्ये बसून, एकाच मसुद्यात.

रडार डिटेक्टरचा तक्ता मात्र अपूर्णच राहिला. अकरांपैकी कोणते यंत्र उत्तम, हे शेवटी तरी कळेल या आशेने जे वाचक इथवर आले, त्यांना तो विनामूल्य पाठवला जाईल. अर्जात दोनच गोष्टी भराव्यात: आपला आजवरचा सर्वाधिक वेग, आणि आपण यंत्र निवडत आहोत तोवर कोण साडेदहापर्यंत वाट पाहत आहे, त्या व्यक्तीचे नाव.