गाडी गार होईपर्यंत

मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मी मागच्या सीटवर आडवी होते. छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं होतं, डावा हात बधिर होता, घामाने पातळ अंगाला चिकटलं होतं. मागून ट्रकवाले आणि रिक्षावाले हॉर्न देत होते. आणि पुढे बसलेले भास्करराव मान वळवून, लॉटरी लागल्यासारख्या तोंडाने मला विचारत होते, "माई, ऐकलंत ना? हाच तो आवाज."

गाडी आपण होऊन बंद पडली नव्हती. मला आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी रेसवरचा पाय काढला होता.

"भास्करराव," मी म्हटलं, "मी मेले तर साक्ष कोण देईल?"

हे त्यांना पटलं. त्यांनी किल्ली फिरवली.

भास्करराव इंदिरानगरात माझ्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात. सगळी नोकरी नाशिक रोडला, नोटांच्या प्रेसमध्ये झाली. तिथे सुट्टी झाली की फाटकावर अंगझडती व्हायची. म्हणजे हा माणूस जन्मभर रोज संध्याकाळी दोन्ही हात वर करून घरी आला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय गेली नाही. कुणाच्याही घरातून निघताना उंबऱ्याशी थांबतात, हात वर करतात, जरा वाट बघतात आणि मग बाहेर पडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कमरेत उसण भरली. आता मी म्हणते, "काही नेलं नाहीत, जा." मग जातात. एकदा गल्लीत एकाच्या मयताला गेलो होतो. हे हात वर करून बाहेर पडले, तर मागचे चौघंही हात वर करून बाहेर आले. त्यांना वाटलं, तशी रीत असेल.

प्रेसमध्ये त्यांचं काम कागद उजेडाला धरून दोष शोधायचं. तेही अंगात मुरलेलं. माझी चपाती खिडकीकडे धरून बघतात आणि सांगतात, "माई, इथे जाड आहे." मी शाळेत पोरांची खिचडी शिजवून म्हातारी झाले, एका पोराने मला असं ऐकवलं नाही. मी म्हणते, खायची तर खा, नाहीतर ठेवा खाली. खातात. आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय हात लावायचा नाही."

या वाक्यापायी त्या गाडीचा आणि आम्हा सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला.

गाडी जुनी, पांढरी, कार्बोरेटरची. त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर सांगून थकला की भंगारात द्या. पण गाडीत एक दोष आहे आणि तो सापडल्याशिवाय तिला हलवायची नाही, असं भास्कररावांचं म्हणणं. दोष असा. सकाळी गाडी झकास चालू होते. लांब फेरी मारून आणली, बंद केली, पाव तास ठेवली आणि परत चालू केली, की जागेवर उभी असताना तिला हीव भरतं. थरथरते, खोकते, पाय काढला की मरते. बरीच पळाली की पुन्हा शहाणी. पाव तासाच्या आत चालू केली तर काही होत नाही. फार वेळ ठेवली तर गार होते, मग तर काहीच होत नाही.

द्वारका चौकाच्या अलीकडे अन्वर मिस्त्रीचं गॅरेज आहे. तो म्हणायचा, चाचा, ती थरथरताना माझ्यासमोर आणा, मग बघतो. भास्करराव न्यायचे, तेव्हा गाडी मांजरीसारखी घुरघुरत उभी असायची. अन्वर बॉनेट उघडायचा, लावायचा आणि म्हणायचा, गाडी ओके आहे. मुलालाही वाटायला लागलं, वडिलांना भास होतात.

म्हणून मग चाचणी सुरू झाली. रोज दुपारी नाशिक रोडपर्यंत फेरी मारून गाडी तापवायची, कुणाच्या तरी दारात लावायची आणि पाव तास थांबायचं. पाव तास रस्त्यावर काय उभं राहणार, म्हणून आत यायचं. आत आल्यावर चहा. कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याबरोबर प्रेसमध्ये असलेल्या भालेरावांकडे. भालेराव अर्धांगवायूने खाटेवर आहेत, त्यांना कुठे जायचं नसतं. मलाही बाजार सोडला तर नसतं.

चहा झाला की गोष्टी निघायच्या. बायको सुमती असताना गाडी कशी होती, इगतपुरीच्या पावसात वायपर बंद पडला तेव्हा तिने खिडकीतून हात काढून पदराने काच कशी पुसली. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की त्या पावसात मीच भिजले असं मला वाटतं. सुमती जाऊन सहा वर्षं झाली. बोलता बोलता तास व्हायचा, दीड तास व्हायचा. मग दचकून उठायचे, उंबऱ्याशी हात वर करायचे, बाहेर जाऊन गाडी चालू करायचे. ती गुणी पोरीसारखी चालू व्हायची. मग खिडकीशी येऊन सांगायचे, "आज नाही केलं. उद्या बघू."

दोष दिसायचा तो नेमका ज्या घराला कुलूप असेल त्या दिवशी. जिन्यात जरा वेळ टेकून परत फिरायचे आणि गाडी थरथरायची. पण तेव्हा बघायला कोण असणार?

त्या दिवशी ते माझ्याकडे होते. चहा ओतताना माझ्या हातातून गाळणं पडलं. मी खाली बसले ती उठेना. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर गाडी बाहेर आहे, वेळ लागेल म्हणाले. भास्कररावांनी कप ठेवला आणि मला धरून बाहेर आणलं. हा माणूस इतक्या दिवसांत पहिल्यांदा वेळेत उठला, तोही माझी छाती दुखली म्हणून. त्यामुळे गाडी तापलेली होती आणि बरोबर पाव तास उभी होती. तिने तिचं काम केलं.

सिग्नलला मी साक्षीचं बोलल्यावर त्यांनी रेस तळापर्यंत दाबून किल्ली धरून ठेवली. इंजिन खोकत खोकत लागलं. मग त्यांनी पाय काढलाच नाही. चवडा रेसवर, टाच ब्रेकवर, आणि गाडी बैलासारखी ओरडत पुढे. सिग्नल लाल होता. फाटकावर रोज हात वर करणाऱ्या त्या माणसाने तो तोडला. हवालदार आडवा आला. भास्कररावांनी गाडी न्यूट्रलला टाकून सवयीप्रमाणे दोन्ही हात वर केले. पाय मात्र रेसवर तसाच. हवालदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे, आणि शिट्टी मारून बाजूच्या रिक्षा मागे हटवल्या.

पुढे डाव्या हाताला अन्वरचं गॅरेज आलं. अन्वर दारातच पाना घेऊन उभा होता. गाडी थरथरत होती, आवाज करत होती, ज्याच्यासाठी भास्कररावांनी दोन उन्हाळे घालवले तो दोष जिवंत होता आणि बघणारा समोर होता. मी मागून डोळे अर्धे उघडून बघत होते. म्हटलं, आता हा थांबतो की काय.

ते थांबले नाहीत. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी आडवी लावली, किल्ली आत, दार उघडं, आणि मला आत नेलं. नर्सने विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण. "समोरचा," म्हणाले. पुढचं मला नंतर कळलं. डॉक्टरांनी मला आत घेतल्यावर ते बाहेर बाकावर बसले ते माझी मुलगी सिन्नरहून येईपर्यंत उठले नाहीत. गाडी वाटेत होती म्हणून वॉचमननेच ती चालू करून कडेला लावली. तोवर गार झाली होती. तो म्हणाला, बाबा, गाडी मस्त ठेवलीय.

मी घरी आल्यावर अन्वर केळी घेऊन भेटायला आला. म्हणाला, मावशी, त्या दिवशी आवाज मी कानांनी ऐकला, हातही केला, चाचा निघून गेले. मग त्याने समजावलं. गाडी बंद केली की इंजिनची धग वर चढते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं. मला लगेच कळलं. जाड बुडाचं पातेलं गॅस बंद केला तरी वरण उकळत ठेवतं, तसंच. आता पक्कं बघून खात्री करायची, बाकी एका दुपारचं काम आहे, म्हणाला. चाचांनी फक्त तापलेली आणायची.

मी अन्वरला दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजवरच थांबायला सांगितलं. भास्करराव फेरी मारून आले, गाडी दारात लावली, आत बसले. मला आता उठायची मनाई, म्हणून चहा त्यांनीच केला. पाव तास झाला तसं मी म्हटलं, "उठा, गाडी तापलेली आहे. अन्वर वाट बघतोय. आज दोष निघेल."

त्यांनी कप खिडकीकडे धरून उजेडात पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "निघाल्यावर उद्या दुपारी काय करायचं, माई?"

पातेल्यात चहा होता. म्हटलं, तो संपवा आधी. त्यांनी आणला, बसले. पावसात सुमतीने काच पुसली ती गोष्ट पुन्हा काढली. मी ऐकली. बाहेर गाडी गार झाली.

दोष अजून गाडीत आहे. अन्वरने विचारायचं सोडून दिलं. साक्ष लागली तर माझी घ्या. त्या दिवशी मागच्या सीटवर मी होते, आणि मी जगले.