बेटावरची आवराआवर

"यापुढे आपल्या खेळातली प्रत्येक वस्तू खेळणाऱ्याच्या खऱ्याखुऱ्या मालकीची! परत घ्यायची म्हटली तर आपल्यालासुद्धा घेता येणार नाही!" साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली, की तिन्ही कप बशीत नाचले.

कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. साहेब बोलायचे, ताई चित्रं काढायची आणि उरलेलं सगळं मुंगळा करायचा. मुंगळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण गुळाला चिकटलेला मुंगळा ओढला तर तुटेल, सुटणार नाही. तसा हा कॉम्प्युटरला चिकटला की जेवायलाही उठत नसे. म्हणून ते नाव पडलं आणि तेही चिकटलं.

त्यांचा खेळ साधा होता. समुद्राकाठी एक धक्का, समोर एक बेट, मध्ये एक नाव. खेळणाऱ्याने सुरुवातीलाच मिळालेली स्वतःची टोपी घालून धक्क्यावरून नावेत बसायचं, बेटावर जायचं, घर बांधायचं, वस्तू जमवायच्या. ना मारामारी, ना आरडाओरडा. फार लोक खेळत नव्हते आणि जे खेळत ते मधेच झोपून जात. म्हणून साहेबांनी हा मालकीचा घाट घातला होता. सोमवारी अकरा वाजता एका मोठ्या प्रकाशन कंपनीच्या बाई खेळ बघायला येणार होत्या. त्यांना आवडला तर करार होणार. नाही तर तिघांनी आपापले अर्ज घेऊन दुसरी दारं ठोठावायची, हे ठरलेलं.

"मालकी म्हणजे नक्की काय करणार आहेस?" ताईने विचारलं.

मुंगळा शांतपणे समजावू लागला. "याला ब्लॉकचेन म्हणतात. समज, वर्गात चाळीस मुलं आहेत. कुणाची पेन्सिल कुणाकडे गेली, हे बाई एका वहीत लिहितात. ती वही कुणी फाडली की लागलं भांडण! त्याऐवजी चाळीसही मुलांनी आपापल्या वहीत तेच लिहिलं, आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण केली, तर? एकाने खाडाखोड केली तरी बाकीच्या एकोणचाळीस वह्या त्याला खोटं पाडतात."

"आणि लिहितानाच चूक झाली तर?"

"तर तीही चाळीस वह्यांत पक्की."

"छान," ताई म्हणाली आणि ब्रश उचलला.

साहेबांनी नियम सांगितले, मुंगळ्याने ते तीन आठवड्यांत बसवले. एक: जी वस्तू जो पहिल्यांदा उचलून घरी नेईल, ती त्याची, आणि तशी नवी वस्तू पुन्हा करायची नाही. दोन: फुकट देणंघेणं नाही, अदलाबदल समोरासमोर आणि वस्तूला वस्तू. तीन: पुढे कुठलाही नियम बदलायचा तर वस्तूंच्या मालकांनी मत द्यायचं, ज्याच्याकडे जितक्या वस्तू, त्याची तितकी मतं. "लोकशाही!" साहेब म्हणाले. त्यांना स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं.

आता वस्तू कशाला म्हणायचं? मुंगळ्याने सोपा हिशेब केला: जे जे उचलता येतं ते ते वस्तू. हिशेब चुकीचा नव्हता. पण ताईचा हात मोठा हौशी! तिने बेटावर बादल्या, शिड्या, कंदील, झाडू, दोरखंड असं काय काय रंगवलं होतं, आणि प्रत्येक गोष्ट उचलता येईल अशीच केली होती. का? तर उचलल्यावर तिची सावली हलते, ती छान दिसते!

शुक्रवारी चाचणी सुरू झाली. दोनशे माणसं हवी होती, एकशे नव्याण्णव मिळाली. दोनशेवी म्हणून मुंगळ्याने आपल्या आत्याचं नाव घातलं. आत्याने अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. आता निवृत्त होती आणि घरात आवरायला काही उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दहा वाजता मुंगळ्याने खेळ उघडला. धक्क्यावर ही गर्दी! खेळ बंद करून पुन्हा उघडला, की प्रत्येकाची सुरुवात धक्क्यावरूनच होई. त्यामुळे जवळजवळ दोनशे माणसं एकाच जागी उभी होती. कोणी उड्या मारत होतं, कोणी गोल गोल फिरत होतं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच वाक्य झळकत होतं: नाव कुठे आहे?

नाव पलीकडे, बेटाला लागली होती. वल्ह्यांशिवाय.

"वल्ही कुठे गेली?" साहेबांनी मागून विचारलं.

मुंगळ्याने नोंदवही उघडली. वल्ही, एक जोडी, रविवारी दुपारी तीन वाजता उचलली, घरी नेली. मालक: आत्या. त्याने पान वर सरकवलं. कंदील: आत्या. शिडी: आत्या. बादली, बादली, बादली: आत्या, आत्या, आत्या!

"ही आत्या कोण?"

"माझी."

"पुसून टाक!"

"पुसता येत नाही, साहेब. दोनशे वह्यांत लिहिलंय. तुम्हीच तर म्हणालात."

"मग नवीन वल्ही कर!"

"नेलेल्या वस्तूसारखी नवी करायची नाही, हेही तुम्हीच म्हणालात. नाव तेवढीच जोडी ओळखते."

"मग नियम बदल!"

"त्याला मतं लागतात. एकूण वस्तू सातशे साठ." मुंगळ्याने घसा खाकरला. "त्यातल्या चारशे बारा आत्याच्या आहेत."

साहेब हळूच खुर्चीत बसले. तीन महिने ज्या कंपनीचा गाडा त्यांनी ओढला, तिची किल्ली एका निवृत्त शिक्षिकेच्या कमरेला लागली होती, आणि तिला याचा पत्ताही नव्हता!

मुंगळ्याने फोन लावला.

"आत्या, तू खेळात वस्तू उचलल्यास का?"

"उचलल्यास का काय विचारतोस? उचलाव्या लागल्या! अरे, त्या बेटावर कुणाला काही जागच्या जागी ठेवायची सवयच नाही. शिडी रस्त्यात, झाडू विहिरीवर, बादल्या तर जिकडे तिकडे. मी सगळं घरी आणून ओळीने लावून ठेवलंय. शुक्रवारपासून खेळ बंदही केला नाही. म्हटलं, बंद केला तर पुन्हा पसारा व्हायचा!"

"आणि वल्ही?"

"ती तर नावेत उघड्यावर पडली होती. कुणी नेली असती म्हणजे?"

मुंगळ्याने डोळे मिटून घेतले. "आत्या, ती वल्ही मला हवीत. माझी टोपी घे आणि वल्ही दे. पण त्यासाठी तुला नाव घेऊन धक्क्यावर यावं लागेल."

"मला कुठे नाव वल्हवता येते? येताना दुसऱ्यांनी वल्हवली होती."

"मी शिकवतो ना!"

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. सव्वादहा झाले होते आणि पाहुण्या बाई पाऊण तास आधीच हजर! मोठ्या माणसांनी उशिरा यावं हा रिवाज त्यांना ठाऊक नसावा. साहेबांनी त्यांना ताईच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. मुंगळा फोन घेऊन आतल्या खोलीत सटकला.

"गर्दी फार दिसते," पाहुण्या बाई म्हणाल्या.

"लोकप्रियता!" साहेब म्हणाले.

"नाव कधी येते?"

"येईलच. म्हणजे, वाट बघणं हाच खेळाचा पहिला भाग आहे. संयम वाढतो."

पाहुण्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांचा संयम वाढत असल्याचं काही दिसत नव्हतं.

आतल्या खोलीत शिकवणी चालू होती. "आत्या, डावं बटण, मग उजवं. डावं, उजवं."

"डावं दाबलं."

"आता उजवं."

"थांब, चष्मा पुसते."

नाव बेटापाशी भोवऱ्यासारखी गरगर फिरू लागली. "आत्या, उजवंही दाब!" मुंगळा कळवळला.

"ओरडू नकोस. ओरडून कुणाला काही येत नाही. तुला बेरीज शिकवताना मी ओरडले होते का?"

मुंगळा वरमला. त्याने आवाज खाली आणला, आणि आत्या पावकीचा पाढा म्हणावा तशी "डावं, उजवं, डावं, उजवं" म्हणू लागली. बरोबर अकराला चार मिनिटं कमी असताना नाव धक्क्याला लागली.

दोनशे माणसांनी एकदम धाव घेतली! नावाडी सोडून नाव आठ माणसांची. रेटारेटीत चौदा जण पाण्यात पडले. आत्या उभी राहिली आणि तिने एकेक अक्षर शोधत टाइप केलं. तिच्या डोक्यावर शब्द उमटले:

रांग करा.

आणि काय सांगावं! पाण्यातले वर आले, उड्या मारणारे थांबले, आणि धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकामागे एक रांग लागली. पाहुण्या बाईंनीही नकळत आपला माणूस रांगेत नेऊन उभा केला. त्यांचा नंबर सत्तेचाळिसावा लागला.

मुंगळा टोपी घेऊन थेट नावेपाशी गेला. आत्याने पुन्हा टाइप केलं: मागे जा. घरचा म्हणून पुढे घेणार नाही.

"आत्या, इथे माझी नोकरी जायची वेळ आलीये!" तो फोनवर कुजबुजला.

"मग तर रांगेतच उभा राहा. घाईत वल्हीसुद्धा सांडशील. आणि हे बघ, वल्ही मी कुणालाच देणार नाही. पुन्हा उघड्यावर टाकाल. मीच करते ने-आण."

आठ-आठ जणांना घेऊन आत्या फेऱ्या मारू लागली. बेटावर उतरलेल्या प्रत्येकाकडून ती टोपी घेई, त्याला एक वस्तू देई आणि ती कुठे ठेवायची ते दाखवी. एकाने बादली रस्त्यात ठेवली, तर त्याला परत बोलावलं. सहाव्या फेरीत पाहुण्या बाई नावेत बसल्या. त्यांना कंदील मिळाला. तो त्यांनी खांबाला टांगला, थोडा वाकडा लागला म्हणून सरळ केला आणि मग आपण कुठे आहोत हे आठवून खुर्चीत मागे टेकल्या.

"वीस वर्षं खेळ बघतेय," त्या म्हणाल्या. "दोनशे माणसं पळताना पाहिली, एकमेकांना ढकलताना पाहिली. रांगेत उभी राहिलेली आज पहिल्यांदा पाहतेय. त्या नावाडी बाई कोणी तयार केल्या? प्रोग्राम कुणाचा?"

साहेबांचं तोंड उघडलं होतं. श्रेय जिभेवर आलंच होतं, पण मुंगळा आतून बाहेर आला आणि म्हणाला, "ती माझी आत्या आहे. तिला कोणी तयार केलेलं नाही."

पाहुण्या बाई इतक्या हसल्या, की खालून चष्मेवाला काय झालं ते बघायला आला.

करार झाला! अटी दोनच. आत्या खेळात राहिली पाहिजे, तिच्या मानधनासकट. आणि ज्यापायी नाव अडली होती ते मालकीचं प्रकरण, दोनशे वह्या आणि काय ते, महिनाअखेर काढून टाकायचं; नाही तर करार रद्द.

काढून टाकायचं म्हणजे नियम बदलायचा. नियम बदलायचा म्हणजे मतं. टोप्यांच्या बदल्यात वस्तू गेल्या, तरी टोप्याही वस्तूच! आत्याची मतं जिथल्या तिथे, चारशे बारा.

साहेबांनी स्वतः फोन केला. "आत्याबाई, एक हो म्हणा, म्हणजे झालं."

"माझ्या हो म्हणण्यावर अडलंय ना? मग रीतसर अर्ज कुठे आहे? कारण लिहा, खाली सही करा आणि हाताने लिहा. टाइप केलेलं मी वाचत नाही."

मोठमोठ्या सभागृहांत भाषणं ठोकणारे साहेब कोरा कागद पुढे ओढून बसले. पहिला अर्ज परत आला: 'कारण पटत नाही.' दुसऱ्यावर शेरा होता: 'दुसऱ्याने लिहून दिलेला दिसतो.' तो ताईने लिहून दिला होता. तिसरा नुसता परत आला. समासच सोडला नव्हता.

महिना संपायला चार दिवस आहेत. चौथा अर्ज आज संध्याकाळी न्यायचा आहे, आणि साहेब गेला अर्धा तास पट्टी शोधताहेत. तुमच्याकडे असेल, तर जरा वर पाठवून द्या.