धुळीशी वैर

आमच्या कॉलेजातले भोयर सर फळ्यावर खडूने लिहीत नसत, पाण्याने लिहीत. एका हातात पितळी गडवा, दुसऱ्या हातात ओलं फडकं, आणि काळ्या फळ्यावर ट्रान्झिस्टरची ओली आकृती. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सर उजव्या कोपऱ्यात पोचेपर्यंत डावा कोपरा वाळून कोरडा ठाक! मागच्या बाकावरच्या पोरांच्या वहीत तीन पायांच्या ट्रान्झिस्टरला दोनच पाय असत. हिवाळ्यात शिकवलेल्या धड्यांवर मुलं पास होत आणि एप्रिलमधल्या धड्यांवर हमखास आपटत.

कारण विचारलं की सर म्हणत, "खडू म्हंजे धूळ. अन् धूळ म्हंजे आपली दुश्मन, बाप्पा!"

सरांचा विषय इंटिग्रेटेड सर्किट. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर हजारो ट्रान्झिस्टर कसे बसवायचे, हे ते शिकवत. काळ ऐंशीच्या आसपासचा. गावात ट्रंक कॉल लागला तर पेढे वाटावेत अशी अवस्था, आणि चिप बनवायचं यंत्र तर अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं. पण चिपच्या कारखान्यात धुळीचा कण चालत नाही ना? मग सरांच्या वर्गातही चालत नसे. चपला बाहेर, पाय धुऊन आत. खिडक्या बंद. पंखाही बंद, कारण तो धूळ उडवतो. चिप बनवायला भट्टी लागते म्हणतात. तेवढी मात्र आमच्याकडे तयार होती.

दाराशी सर जातीने तपासणी करत.

"काऊन रे, खिशात काय हाय?"

"फुटाणे, सर."

"फुटाण्याचं एक साल चिपले मारून टाकते. जा, बाहेर खाऊन ये."

मी शेजारच्या प्रयोगशाळेत मोटारी शिकवायचो. मोटारींना ग्रीस, काजळी, सगळं मानवतं. मी सरांना म्हणायचो, "घरी गाय नाही आणि तुम्ही रोज गोठा धुताय."

"येईन ना गाय," सर शांतपणे म्हणत. "आली अन् गोठा घाण निघाला तं?"

घरीही तोच कारभार. पाहुण्याच्या पायावर दारातच पाणी, अंगावर ब्रश. वहिनी एकदा वैतागून मला म्हणाल्या, "भाऊजी, पीठ चाळाचं असलं तं मले आंगणात पाठोतेत हे!"

मग एक दिवस विद्यापीठाची समिती आली. विषय ठेवायचा की बंद करायचा हे तिच्या हातात होतं. बंद झाला तर सरांच्या नशिबी पहिल्या वर्षाला घरगुती वायरिंग शिकवणं. प्राचार्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "भोयर, उद्या फक्त हो म्हणा."

समितीचे अध्यक्ष आले. बूट चकचकीत, लेस घट्ट, आणि पोट असं की लेस सोडायला दुसरा माणूस लागावा. दारात सर उभे.

"सर, जोडे बाहेर काढा लागते."

अध्यक्ष हसले. "अहो, आत काही बनतं का?"

"नाई."

"मग?"

"पोट्टे बनतेत, सर."

प्राचार्य घामाघूम. "भोयर, आजच्या दिवस तरी..." पण सर दारातून हलले नाहीत. अध्यक्षांनी बुटांकडे पाहण्याचा प्रयत्न केला, मध्ये पोट आलं, आणि ते तरातरा माझ्या प्रयोगशाळेत शिरले. तिथं काजळीत उभं राहून त्यांनी मोटारींची भरपूर तारीफ केली. पुढच्या सत्रापासून सरांचा विषय बंद झाला.

शेवटच्या तासाच्या दिवशी कँटीनमध्ये मी सरांना चांगलंच सुनावलं. "जोडीभर बुटांपायी विषय घालवलात! एक दिवस धूळ आत आली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?"

सरांनी कप खाली ठेवला.

"नवीन डिग्री घेऊन मी साउथले गेलतो. चिपच्या कारखान्यात, नोकरीसाठी. आमच्या गावाले, आंजीले, तवा कापसाची वेचणी चालू होती. वावरातून सीधा टेसनावर गेलो. तिथं पुसलं तेवढ्याचे उत्तरं बरोबर देल्ले. मंग म्हणे, चला, कारखाना पाहा. दारावर एका साहेबानं माया केसातून कापूस काढला, एवढासाच. चिमटीत धरून सगळ्याइले दाखवला. लय हासले सगळे. बाकीचे आत गेले. मले काचेच्या बाहेर उभं केलं."

मीही माझा कप खाली ठेवला.

"साहेबाचं चुकलं नाई. कापूस तिथं चालतच नाई. पण मले आधी कोणी सांगतलंच नव्हतं ना." सरांनी टेबलावरचा साखरेचा कण बोटाने टिपला. "माया पोट्ट्याइवर असं कोणी हासलं नाई पायजे. अन् त्या अध्यक्षाले जोड्यासकट आत घेतलं असतं, तं पोट्टे म्हणाले असते, मोठ्या माणसाले सगळं चालते."

 

तासाची घंटा झाली तसे सर उठले. दोन पावलं गेले, परत फिरले आणि माझ्यासमोर डोकं वाकवून उभे राहिले.

"पाहा बरं, केसात काई हाय का?"

मी दोन्ही हातांनी त्यांचे अर्धे पिकलेले केस बाजूला करून नीट पाहिलं.

"काही नाही, सर," मी म्हणालो. "तुम्ही आत जा."