देवधरांचा बर्फाचा फोन

भर एप्रिलात, गाडीबाहेर बेचाळीस डिग्री असताना, "आज घाटात वीस सेंटीमीटर बर्फ पडलाय हो," असं काळजीनं सांगणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच होता. आमचे देवधर.

वर्ल्ड कपसाठी स्टेडियम उभं राहत होतं आणि तिथे थंड हवा खेळवायचं काम आमच्याकडे होतं. देवधर आमचे सीनियर इंजिनिअर. चार वाजता साइट सुटली की ते माझ्या गाडीत पुढे बसत, पट्टा दोनदा ओढून बघत आणि कॅनडातल्या एका घाटमाथ्यावरच्या स्की रिसॉर्टचा नंबर लावत. तिकडे तेव्हा सकाळ असे. स्पीकरवर एका मुलीचं इंग्रजी रेकॉर्डिंग लागे : बर्फ किती, कुठल्या लिफ्ट चालू, घाटरस्ता उघडा की बंद. "शुऽऽ! रिपोर्ट!" असं ते म्हणाले की मी एसी बारीक करायचा आणि घामाघूम होत बर्फाची जाडी ऐकायची.

"तुम्ही कधी स्कीइंग केलंयत?" मी एकदा विचारलं.

"छे हो! गुडघे मोडून घ्यायचे धंदे."

माणूस मुळातच काळजीखोर. खिशात तीन पेनं, कारण दोन एकदम संपू शकतात. पालुपद एकच, "मार्जिन ठेवा हो, मार्जिन!" साइटच्या वाटेवर समैस्मा गावाजवळ धुकं लागलं तेव्हा मला म्हणाले, "टायरला बर्फात लावतात तशा साखळ्या हव्या होत्या." वाळवंटात! हे मी ऑफिसभर रंगवून सांगितलं.

मग एका रविवारी रेकॉर्डिंगवर पुरुषाचा आवाज आला. रात्री हिमकडा कोसळला, घाट बंद. देवधरांच्या हातातून फोन निसटला. सोमवारी तोच पुरुष. मंगळवारी मीटिंगमध्ये कुणीतरी चिलरचं तापमान विचारलं, तर देवधर म्हणाले, "रस्ता अजून बंद आहे." कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी मी गाडी हायवेच्या कडेला घेतली.

"देवधर, झालंय काय?"

"रोजचा तो आवाज आमच्या मुलीचा, मुक्ताचा असतो," ते समोर बघत म्हणाले. "चांगली इंजिनिअरिंगची नोकरी सोडून तिकडे गेली. मी चिडून म्हटलं, पुन्हा मला फोन करू नकोस. दोन वर्षं झाली, नाही केला. रोज तो घाट चढून कामाला जाते हो ती."

मला माझीच लाज वाटली.

"मग तुम्ही करा ना फोन!"

"कुठल्या तोंडानं?"

ऑफिसशी बोलायचं तर शून्य दाबा, असं ते रेकॉर्डिंग शेवटी सांगे. देवधर त्याआधीच फोन बंद करत. त्या दिवशी नंबर लावून मीच शून्य दाबलं आणि मुक्ता देवधर आहे का, विचारलं. देवधरांनी डोळे मिटून घेतले.

"हॅलो?" आवाज पार घोगरा होता.

"मुक्ता... बरी आहेस ना गं?"

"बाबा? घसा बसलाय फक्त, म्हणून रिपोर्ट दुसरा कुणी वाचतोय. घाट बंद झाला तेव्हा मी वरच होते. इथे रोज याच वेळेला कतारचा नंबर दिसतो. वाटायचं, आज तरी शून्य दाबाल."

देवधरांनी चष्मा काढला.

"घसा बसलाय तर तू बोलू नकोस," ते म्हणाले. "मी बोलतो."

मी एसी चालू ठेवला, गाडीतून उतरलो आणि दार हळूच लावून उन्हात उभा राहिलो.