आज हात उचलला का?

समर्थनं वर्गातल्या तिसऱ्या पोराचा चावा घेतला, त्या दिवशी शाळेनं त्याच्या बापाला, योगीराजला, बोलावून घेतलं. येरमाळ्यात योगीराजचं साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं. हळद असो, जावळ असो, की कुणाच्या तेराव्याचं कीर्तन असो, कर्णे त्याचेच. सगळ्या गावाच्या कानठळ्या बसवणारा हा माणूस मुख्याध्यापिका निवेदिता मॅडमसमोर मात्र भिजल्या मांजरासारखा उभा राहिला.

"आणखी एक चावा, की दाखला घेऊन जायचं," मॅडम म्हणाल्या. "मुलाला काय बोलू? खाण तशी माती. मोबाईल काढा तुमचा."

त्यांनी स्वतःच्या हातानं त्यात 'सुजाण पालक' नावाचं ॲप टाकून दिलं. घरी प्रतीक्षानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यावर आपली एक गाठ मारली. "समर्थचा दाखला निघाला तर म्या त्याला घिऊन माहेरी भूमला जाणार. माझा भाऊ घालील त्याला तिथल्या शाळंत. मग बसा तुमी कर्ण्यासंगं बोलत."

प्रतीक्षा बोलली की करायची. त्यामुळं योगीराज मुकाट्यानं ॲप ऐकू लागला. ॲपमधली ताई मोठी गोड. मूल चिडलं की आधी त्याच्या भावनेला नाव द्या, असं ती तूप सोडल्यासारखं सांगायची. तिच्या घरी कुणी चावत नसावं.

पहिल्याच संध्याकाळी समर्थनं जेवणाचं ताट भिरकावलं. योगीराजनं दातओठ खात भावनेला नाव दिलं. "समर्थ, तुला राग आलाय!"

"मला न्हाय, तुमालाच आलाय," समर्थ म्हणाला.

यापुढचं ताईनं काही शिकवलं नव्हतं. म्हणून योगीराजनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

सात वाजले तसा मोबाईल आपणहून बोलला. "आज मुलावर हात उचलला का? हो किंवा नाही बोला."

"नाही," योगीराज शुद्ध भाषेत म्हणाला. मोबाईलमधून टाळ्या वाजल्या. समर्थ पाठ चोळत त्या ऐकत होता. मग रोजचंच झालं. दिवसा धपाटा, सातला टाळ्या.

योगीराजचा बाप बब्रुवान हे सगळं ओसरीवरनं बघायचा. "आता लेकरू कसं वाढवायचं ते ह्ये डबडं सांगणार व्हय? तुला काय ॲप लावून वाढिवलं का म्या? चिंचंच्या फोकानं वाढिवलं. झालास का न्हाय माणूस?"

"झालो की, दादा."

बब्रुवाननं टोपी सारखी करायला हात वर केला, तसा पस्तिशीचा योगीराज दोन पावलं मागं सरला. हे नेहमीचंच होतं. घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे. समर्थ मात्र टक लावून बघत होता.

पुढं शाळेचं गॅदरिंग आलं. साऊंड योगीराजचा, तोही फुकट. मॅडमचं मन जरा वळावं, एवढाच त्यातला हेतू. सगळी गाणी त्याच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल ब्लूटूथनं साऊंडला जोडलेला. समर्थला सशांच्या नाचात घेतलं होतं. ससा गरीब प्राणी, असा मॅडमचा हिशेब. पुठ्ठ्याचे लांब कान, पुठ्ठ्याचे दोन दात. बब्रुवान धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता.

ससे उड्या मारायला लागले आणि मध्येच गाणं बंद पडलं. सात वाजले होते.

"नमस्कार, समर्थचे बाबा!" चारी कर्ण्यांतून ताईचा आवाज थेट एसटी स्टँडपर्यंत गेला. "आज मुलावर हात उचलला का? हो किंवा नाही बोला."

योगीराजनं मोबाईलवर झडप घातली. पण बोटं घामानं ओली, कुलूप काही उघडेना.

"उत्तर ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने बोला."

"लाजतूस कशाला? सांग की!" मागनं कुणीतरी ओरडलं. आणि गावच ते, सगळं मैदान एका सुरात म्हणालं, "होऽऽ!"

"प्रामाणिक उत्तराबद्दल आभार," ताई म्हणाली. "आता पुढचा प्रश्न. तुमचे वडील तुम्हाला मारायचे का?"

योगीराजचं तोंड उघडायच्या आत मैदानानं पुन्हा उत्तर दिलं, "होऽऽ!" त्यातल्या निम्म्यांनी ते पारावर बसून डोळ्यांनी बघितलं होतं आणि एकानंही कधी हात धरला नव्हता. आता सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडं वळल्या.

बब्रुवान उठला. तरातरा साऊंडपाशी आला. "चारचौघांत माझी अब्रू काढतूस व्हय रं?" म्हणत त्यानं योगीराजच्या कानाखाली जाळ काढला. शेजारीच माईक उघडा होता. ती चपराक गावानं चारी कर्ण्यांतून ऐकली आणि गाव खदाखदा हसलं.

तेवढ्यात एक ससा रांग मोडून धावत आला. त्यानं पुठ्ठ्याचे दात ओढून फेकले आणि खरे दात आज्याच्या मनगटात रोवले.

"बास झालं!" मॅडम किंचाळल्या. "योगीराज, उद्या येऊन दाखला घेऊन जा!"

दाखला, भूमची एसटी, कुलूप लागल्यासारखं घर, सगळं योगीराजच्या डोळ्यांपुढून सरकलं. पोरगं आपल्यासाठी चावलंय, हेही त्याला कळलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या आणि त्या हाताच्या मध्ये आलंय, हे कळलं. पण ते त्याच्या हातापर्यंत पोहोचायला उशीर झाला. "आबाला चावतूस?" म्हणून त्यानं सशाच्या थोबाडीत ठेवून दिली. पुठ्ठ्याचा एक कान तुटून खाली पडला.

"अभिनंदन!" कर्णे म्हणाले. "आजचे प्रश्न पूर्ण झाले. तुम्ही सुजाण पालक आहात." आणि टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. तो सगळा ताईचा. मैदानात आता कुणी हसतही नव्हतं.

समर्थ रडला नाही. गाल धरून त्यानं बापाच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि ताईनं शिकवलं होतं तेच केलं.

"पप्पा, तुमाला राग न्हाय आलेला," तो म्हणाला. "तुमी आबाला भेताव."

तेही गावानं चारी कर्ण्यांतून ऐकलं. बब्रुवान मनगट धरून जमिनीकडं बघत राहिला. प्रतीक्षा पोराला न्यायला गर्दीतून वाट काढत येत होती. टाळ्या थांबायचं नाव घेईनात. त्या बंद करायला योगीराजनं बटणाकडं हात उचलला, तसा ससा दोन पावलं मागं सरला.