माबेला ते शाळा : तीन जांभया

मुकादमचाचा अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. जांभयांमध्ये सांगतात.

मस्कतमधल्या माबेल्याहून आमच्या जुन्या शाळेपर्यंत तीन जांभया आणि एक डुलकी. अल मवालेहच्या भाजीमंडईपासून दोन जांभया. वादी अदाईहून एकच, तीही अर्धवट, कारण मूल तोंड उघडेपर्यंत शाळेचं फाटक येतं.

सईला बालवाडीत घातलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, “चाचा, शाळा नेमकी किती किलोमीटर?” मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवत ते म्हणाले, “नाय ओ सईची आई, किलोमीटर रस्त्याला असतात. पोरांना नसतात. पोरांना जांभया असतात.”

चाचा कोकणातल्या केळशीचे. पंचवीस वर्षं मस्कतमध्ये शाळेची बस चालवत होते. माबेला आणि मवालेहची सगळी प्राथमिकची पोरं त्यांच्याच दोन फेऱ्यांत शाळेत जात. ड्रायव्हरच्या डोक्यावर त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक लांबलचक आरसा बसवून घेतला होता, मागच्या गाड्या बघायला नव्हे, तर जांभया बघायला. “खिडकीकडची तिसरी! कोणाची ती? तोंड मीट, माशी जाईल!” अशी हाक आली की अख्खी बस जागी व्हायची.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे जोड्या. बसमध्ये कोण कोणाशेजारी बसणार, ते चाचा ठरवत. पोरांची त्यांनी तीन जातींत वाटणी केली होती: बिनगाडी, एकगाडी आणि दोनगाडी. घरी किती मोटारी आहेत, त्यावरून. बिनगाडीशेजारी बिनगाडी बसलेलं त्यांना चालत नसे आणि दोनगाडीशेजारी दोनगाडी बसलेलं तर मुळीच नाही. आम्ही बिनगाडी, म्हणून सईशेजारी अर्जुन देवधर. त्याचे बाबा मोठे इंजिनिअर, घर व्हिलात.

“दोन गाड्या असून त्याला बस कशाला, चाचा?”

“एक गाडी साहेबांची, एक मॅडमची. पोराची कुठाय?”

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, पण पटायचंही. मी मंगळवेढ्याच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. वडील बाजारात हमाली करत. माझ्या बाकावर डॉक्टरांची मुलगी बसायची आणि दहावीपर्यंत तिच्याच पुस्तकांवर मी अभ्यास केला. त्या गावात शाळाच एक होती म्हणून ते घडलं. आज माबेल्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी पांढरा कोट घालून उभी राहते, तेव्हा तो बाक मला रोज आठवतो.

आणि गेल्या वर्षी नेमका त्या बाकाचाच प्रश्न उभा राहिला.

माबेल्यात नवी प्राथमिक शाळा बांधून झाली होती. मोठ्या खिडक्या, सावलीचं मैदान, रंगीत बाकं! आम्ही संध्याकाळी मुद्दाम फिरायला जाऊन फाटकातून बघून यायचो. आता कोणत्या वस्तीची मुलं जुन्या शाळेत आणि कोणत्या वस्तीची नव्या शाळेत, याची रेष आखायची होती. पालकांची समिती बसली. प्रमुख अर्जुनचे बाबा, देवधर सर. माणूस सरळ. त्यांनी दोनच नियम केले: प्रत्येक मूल जवळच्या शाळेत जाईल आणि दोन्ही शाळांत सगळ्या परिस्थितीची मुलं असतील. पत्त्यांची यादी संगणकात घातली, नकाशा आला, शाळेच्या फळ्यावर लागला. हरकती पुढच्या गुरुवारच्या सभेत.

मी नकाशा बघितला. सई जुन्या शाळेत. आमच्या इमारतीतली सगळी मुलं जुन्या शाळेत. नवी शाळा आमच्या गच्चीवरून दिसते!

सकाळी बसपाशी मी चाचांना मोबाइलवर नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

“ह्या रुवीत एवढी पोरं कुठनं आली? रुवीत त्या जागी पोस्ट हाय. पोरं काय पेटीत राहतात?”

मी कपाळावर हात मारला. इथे पोस्टमन घरी येत नाही. पत्रं येतात ती कंपनीच्या पोस्टाच्या पेटीत. व्हिलावाल्यांनी फॉर्मवर गल्लीचा नंबर, घराचा नंबर लिहिला होता. आम्ही फ्लॅटवाले दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलणारे. आमचा कायमचा पत्ता म्हणजे नवऱ्याच्या कंपनीची पेटी. ती रुवीला, जुन्या शाळेच्या जवळ. मी स्वतः पदवीधर, माझ्याच हाताने, सुवाच्य अक्षरात, सईचं घर रुवीच्या पोस्टात नेऊन ठेवलं होतं. आमच्यासारख्या सगळ्यांनीच.

म्हणजे कागदावर प्रत्येक मूल जवळच्याच शाळेत दिसत होतं, आणि कोणाची परिस्थिती काय, ते पत्त्यांच्या यादीला कळत नव्हतं. प्रत्यक्षात नव्या शाळेत फक्त व्हिलांची मुलं जाणार होती. आमची मुलं त्याच फाटकावरून, तीन जांभया आणि एक डुलकी काढत, जुन्या शाळेत.

“कागदावर वादीपण सुकी असते, पाऊस आला की तोच ओढा गाड्या वाहून नेतो,” चाचा म्हणाले. “शुक्रवारी नमाज झाली की येतो. हरभरे, राजमा आणि काबुली चणे काढून ठेवा. आणि एक जुनी चादर.”

“कशाला?”

“भाजी करायला नाय.”

शुक्रवारी चाचा आले ते हातात खडू घेऊनच. आमच्या हॉलमध्ये निळी चादर पसरली. गुडघ्यांवर रांगत त्यांनी मोठा रस्ता काढला, चौक काढले, पेट्रोलपंप, लाँड्री, मशीद काढली, आणि वरच्या कडेला समुद्र. मग पोरं मांडायला लागले. हरभरा म्हणजे बिनगाडी, राजमा म्हणजे एकगाडी.

“आणि काबुली चणे दोनगाडी का?”

“फुगलेले असतात म्हणून.”

एकेक दाणा ठेवताना ते नाव घेत होते. “ही लाँड्रीवरची सना, हिला नेहमी एक मोजा सापडत नाय. हा पंपामागचा जोएल, आईचा हात सोडत नाय. हे जुळे, एक जांभई दोघं मिळून देतात.” सई चादरीच्या कडेला पालथी पडून ओरडत होती, “आय अॅम हिअर! मी हितं आहे!” शेजारपाजारचे आले. कोणी चहा आणला, कोणी आपलं पोर शोधायला लागलं. तासाभरात चादरीवर खरा माबेला उगवला. एकाच गल्लीत काबुली चण्यांची ओळ आणि तिच्या पाठीला पाठ लावून हरभऱ्यांची रास.

शेवटी चाचांच्या मुठीत एक हरभरा उरला. तो त्यांनी हळूच समुद्रात ठेवला, पार चादरीच्या काठावर.

“चाचा, तिथे कोण राहतं?”

“राहतं कोणतरी. तुम्ही चहा प्या.”

आठवडाभर आम्ही हॉलमध्ये चादरीच्या कडेकडेने चाललो, पण खरी पंचाईत गुरुवारी, सभेच्या दिवशी झाली. दाणे मांडलेली चादर शाळेत न्यायची कशी? मी म्हटलं, फोटो काढते. चाचा भडकले. “फोटो त्यांच्याकडंपण हाय! पोस्टाचा!” मग चौघांनी चार कोपरे धरून, जिना उतरून, चादर बसच्या सीटांवर पसरली. मी, सईचे बाबा आणि दोन शेजारी तिच्या चहूबाजूंना वाकून उभे. चाचांनी बस अशी चालवली की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकल्या. “यल्ला, यल्ला!” म्हणून कोणी घाई करत ओरडलं की चाचा खिडकीतून सांगत, “पोरं हायत गाडीत, पोरं!”

सगळे चौक पार पडले. शाळेचं फाटक आलं. आणि फाटकातल्या गतिरोधकावर बस जरा उडाली.

अख्खा माबेला सीटांखाली गेला.

मी रडायच्या बेतात. चाचा मात्र शांतपणे खाली बसून दाणे वेचायला लागले. “काय खलास नाय झाला. पोरं उतरली, परत चढवू.”

सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत देवधर सर. चाचांनी व्यासपीठासमोर चादर अंथरली, चपला काढल्या आणि पहिला दाणा उचलला. “लाँड्रीवरची सना.” मागून एक बाई उठली, “माझी!” “पंपामागचा जोएल.” “हो, हो, आमचा!” मग सभागृहच पेटलं. चाचा नाव घेणार, कोणीतरी हात वर करणार. देवधर सर खाली येऊन चादरीशेजारी मांडी घालून बसले आणि प्रत्येक नाव आपल्या यादीत शोधायला लागले. “रुवी... रुवी... हेही रुवी?” त्यांचा आवाज बारीक होत गेला. एक दाणा चुकला नाही.

“अर्जुन देवधर,” असं म्हणत चाचांनी काबुली चणा ठेवला आणि शेजारच्या गल्लीत, बोटभर अंतरावर, हरभरा. “सई. एका सीटवर बसतात, साहेब. तुमच्या कागदात तुम्ही दोघांच्या मधी पूर्ण मस्कत घातलंत.”

मागून एक गृहस्थ म्हणाले, “पण सगळ्यांनाच नव्या शाळेत घेतलं तर आमच्या मुलांचा दर्जा...”

मी आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. उभी कशी राहिले, ते आठवत नाही. मंगळवेढ्याचा बाक सांगितला. डॉक्टरांच्या मुलीचं काही बिघडलं नाही, ती आता स्वतः डॉक्टर आहे, आणि माझं सगळं घडलं, एवढंच म्हणाले आणि मटकन बसले. टाळी पहिली कोणी वाजवली माहीत नाही. दुसरी देवधर सरांनी.

त्याच सभेत रेष पुसली. माबेला-मवालेहच्या व्हिला आणि फ्लॅट एकत्र नव्या शाळेत; तिकडे जुन्या शाळेत वादी अदाईच्या फ्लॅटना जवळच्या कुरुमच्या व्हिला जोडल्या. देवधर सर चादरीवरून उठता उठता म्हणाले, “मुकादम, समुद्रात हा एक कोण राहिला?”

“तो मोजू नका, साहेब,” चाचा म्हणाले आणि तो दाणा उचलून खिशात टाकला.

नव्या शाळेचा पहिला दिवस एप्रिलमध्ये उजाडला. सईचा हात धरून मी चालत निघाले. चालत! रस्ताभर पोरंच पोरं, नवी दप्तरं. फाटकाशी पोचलो तर चाचा कडेला उभे, हाताची घडी घालून, प्रत्येक पोराच्या तोंडाकडे टक लावून.

“चाचा, बस कुठे?”

“बस नाय. पोरं चालत आली तर बस कोणाला लागते? ठेकेदार बोलला, खलास. आता मंडईत पिकअप चालवतो. कांदे-बटाटे. गप बसतात बिचारे.”

माझे पायच थबकले. “तुम्हाला हे आधीच माहीत होतं?”

“गाडी मी चालवतो ना. मला नसंल माहीत?”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी खिशात हात घालून तो समुद्रातला हरभरा चाचपला.

“माजी नसरीन तिकडं केळशीत पहिलीत गेली तवा मी हय होतो. बायकापोरांना आणण्याइतका पगार नव्हता. फोनवर इचारला, शाळा किती लांब गं? ती बोलली, अब्बा, दोन जांभया.” ते हसले. “आता तिचीच पोरगी शाळेत जाते. त्या दोन जांभया काय मी बघितल्या नाय. ह्यांच्या मोजल्या. आज सकाळपासून बघतो, एकानं तोंड उघडला नाय. सगळी ताजी.”

घंटा झाली. अर्जुन धावत आला आणि सईचं दप्तर ओढायला लागला. सई निघाली, पण अर्ध्यातून वळली. चाचांनी नुकताच खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला होता. सवयीने ते अजूनही पहाटे चारला उठत असणार. एक मोठी जांभई, मग लगेच दुसरी, मग तिसरी.

सईने तीन बोटं मोजली आणि आपल्या अडखळत्या मराठीत विचारलं, “चाचा, तुमचा घर खूप लांब आहे का?”

चाचांनी रुमाल खाली घेतला नाही.

“लांब हाय, बाय,” ते म्हणाले. “तू जा. तुजा जवळ हाय.”